विकिपीडिया, बारा वर्षांच्या वापरानंतर: शिवी अकरा मिनिटांत गेली, विहीर राहिली

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात स्टँडच्या अलीकडं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. साधं झेरॉक्स दोन रुपये, प्रिंट पाच, रंगीत दहा, लॅमिनेशन वीस. शाळा सुरू होऊन महिना झाला की प्रोजेक्टचा हंगाम लागतो. पोरं हातात चिठ्ठी घेऊन येतात, चिठ्ठीवर बाईंनी दिलेला विषय असतो: मलप्रभा नदी, हलशीचं देऊळ, गोकाकचा धबधबा, कित्तूर चन्नम्मा. "काकू, ह्याची माहिती पायजे. चार पानं. चित्र बी." मी टाइप करते, पहिल्या दोनतीन दुव्यांत विकिपीडिया असतोच, तो उघडते, वरचं-खालचं कापते आणि प्रिंट देते. पोरगं न वाचता बाईंना देतं, बाई न वाचता सही करतात.

बारा वर्षं हे चाललंय. म्हणजे फुकट मिळणारा माल मी पाच रुपये पानानं विकत आलेय. तेव्हा अभिप्राय लिहायचा तर आपणच लिहावा म्हटलं. दूधवाल्यानं म्हशीबद्दल बोलावं तसं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: १५ जानेवारी २००१ ला इंग्रजीत सुरू झालेला हा ज्ञानकोश आहे, कुणीही वाचावा आणि कुणीही लिहावा असा. मराठीतला १ मे २००३ ला सुरू झाला. तारीख महाराष्ट्र दिनाची. आमच्याकडं त्याच दिवशी कामगार दिनाची सुट्टी असते, तेवढ्यावर आम्ही समाधान मानतो. इंग्रजीत आज ७० लाखांच्या घरात लेख आहेत, मराठीत लाखाच्या आसपास. जाहिरात एकही नाही. वर्षातून एकदा वर्गणीची पट्टी येते, गणपतीच्या वर्गणीपेक्षा सभ्य भाषेत.

मराठी आवृत्तीतलं मला सगळ्यात काय आवडलं असेल तर तिथले शब्द. इंग्रजी शब्द तसेच उचलायला कुणाची ना नव्हती, खरं कुणीतरी बसून नावं ठेवलीत. जिथं सगळे मिळून बोलतात ती 'चावडी'. नवख्यानं हात साफ करायची जागा 'धूळपाटी'. माझी आई शाळेत खरोखरच्या धूळपाटीवर बोटानं अ काढायला शिकली, तिला हे सांगितलं तर किती हसली! ठरलेली कामं आपोआप करत सुटणाऱ्या प्रोग्रामला 'सांगकाम्या' म्हणतात. ज्यांच्या हाती पान काढून टाकायचा, कुलूप लावायचा अधिकार आहे ते 'प्रचालक'. आणि नावगाव न सांगता लिहिणाऱ्याचा जो आकड्यांचा पत्ता उमटायचा, तो 'अंकपत्ता'. ह्या शेवटच्या शब्दाशी माझी ओळख जरा कडू पद्धतीनं झाली, ते पुढं सांगते.

आधी रायण्णांचं.

पाचवी-सहावीतली एक मुलगी संगोळ्ळी रायण्णांवर, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या वीरावर, चार पानं घेऊन गेली. संध्याकाळी तिचे वडील पानं हातात गुंडाळूनच आले. "वो काकू, काय हे? जन्म १५ ऑगस्ट आणि फाशी २६ जानेवारी? कुणीतरी चेष्टा केलंय की वो ह्यात! पैसे परत द्या." मी पण बघितलं आणि मला पण तसंच वाटलं. एखाद्या रिकामटेकड्यानं स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन चिकटवून दिलाय. अशी कामं चालतात हे एव्हाना मला ठाऊक होतं. मी कन्नडमधलं पान उघडलं, इंग्रजीतलं उघडलं. तिन्हीकडं तेच: १५ ऑगस्ट १७९८ आणि २६ जानेवारी १८३१. मग शेजारच्या दुकानातल्या नंदगडच्या बाईंना विचारलं. नंदगड आमच्याच तालुक्यात, फाशी तिथंच दिली, समाधी तिथं, वडाचं झाड तिथं. बाई म्हणाल्या, "मग? तीच तारीख. आमी ल्हानपणापासनं सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की समाधीवर जातो."

पैसे परत दिले नाहीत. खरं त्या दिवसापासून माझी सवय बदलली. चेष्टा वाटली ती तारीख सगळीकडं मानलेली निघाली. आता ह्याच्या उलट झालं असेल तर? खरं वाटणारी एखादी ओळ खोटी असेल, आणि मी ती पाच रुपयांना विकलेली असेल तर?

विकली होती. नुसती विकली नव्हती, माझ्याच कॉम्प्युटरवरनं घातली गेली होती.

माझं माहेर ह्याच तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण भाऊ अजून यात्रा कमिटीत आहे. गावचं पान मराठी विकिपीडियावर होतं, पण कसं? तर वर गावाचं नाव, तालुका, जिल्हा, आणि खाली 'लोकजीवन', 'नागरी सुविधा' असले मथळे, मथळ्याखाली काही नाही. रिकाम्या खुंट्यांसारखं. अशी गावं तिथं ढिगानं आहेत.

करोनाच्या आधीची गोष्ट. एका दुपारी दुकानात पट्टी दिसली: तुमच्यासाठी संदेश आहे. मी कधी तिथं लिहिलेलं नाही, मला कोण संदेश पाठवणार? उघडलं तर नम्र शब्दांत लिहिलेलं: आपण केलेला बदल उलटवला आहे, प्रयोग करायचे असल्यास कृपया धूळपाटी वापरा. वर नाव म्हणून नुसते आकडे. तो आमच्या दुकानाचा अंकपत्ता. त्यावर टिचकी मारली की 'योगदान' दिसतं, म्हणजे ह्या पत्त्यावरनं काय काय लिहिलं गेलंय त्याची यादी. आमच्या पत्त्याच्या नावावर दोन ओळी होत्या, दोन्ही एकाच रविवारच्या. पहिली एका नटाच्या पानावर: त्याच्या नावापुढं आमच्या स्टँडवर रोज ऐकू येणारी शिवी. ती अकरा मिनिटांत कुणीतरी काढली होती. दुसरी माझ्या माहेरच्या पानावर.

"गावातील देवळासमोरील विहीर कदंबकालीन असून ती इ. स. ११५२ मध्ये खोदली गेली."

ही ओळ कुणी काढली नव्हती. मी वाचली, आणि खरं सांगते, मलाही वाटलं, असेल बाई. हलशी जवळ आहे, हलशीला कदंबांची राजधानी होती, भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे. मग आपल्या गावची विहीर कदंबांची का नसावी? शिवीबद्दल मात्र मला शरम वाटली. वही काढली. नेटवर बसणाऱ्यांची नावं लिहायची एक वही असते, नाव, वेळ, सही. त्या रविवारी दोनच नावं: माझा भाचा आणि त्याचा मित्र.

भाच्याला फोन लावला. "आत्ती, शिवी मी नाय घातलो. ती त्यानं घातलाय." "आणि विहीर?" गप्प. मग हसायला लागला. "ती मी घातलो. पैज लागलती आमची, कुणाचं जास्त टिकतंय." ११५२ कुठनं आणलास विचारलं तर म्हणाला, मामाच्या गाडीचा नंबर. केए बावीसच्या पुढचे शेवटचे चार आकडे.

रागावले, काढून टाक म्हटलं, तो हो म्हणाला, आणि दोघंही विसरलो. माझी चूक इथली.

हे वाचून कुणी म्हणेल खेड्यातली पोरं, तिथंच असलं चालायचं. तर ऐका. अमेरिकेत जॉन सिगेनथेलर नावाचे मोठे पत्रकार होते, रॉबर्ट केनेडींबरोबर काम केलेले. मे २००५ मध्ये कुणीतरी त्यांच्या पानावर लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्येत ह्यांचा हात असल्याचा एकेकाळी संशय होता. ते चारेक महिने तसंच होतं. शेवटी अंकपत्त्यावरनं एका कुरियरसारख्या कंपनीचं ऑफिस सापडलं आणि तिथला माणूस म्हणाला, सहकाऱ्याची गंमत करायला लिहिलं. तिथं पत्त्यावरनं ऑफिस सापडलं, इथं वहीवरनं भाचा. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियानं नाव न नोंदवता नवं पान सुरू करणं बंद केलं.

आणि आमच्या अगदी शेजारचं उदाहरण तर ह्याहून भारी आहे. माझी नणंद गोव्यात डिचोलीला दिलीय. इथनं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरलं की साखळी, पुढं डिचोली. इंग्रजी विकिपीडियावर 'डिचोली संघर्ष' म्हणून मोठाच्या मोठा लेख होता. १६४० ते १६४१, पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध, मग तह, त्या तहामुळं पुढं गोवा वेगळा राहायला मदत झाली, असं सगळं. साडेचार हजार शब्द. जुलै २००७ मध्ये लिहिला गेला, दोन महिन्यांत त्याला 'चांगला लेख' म्हणून बिल्ला मिळाला, आणि डिसेंबर २०१२ पर्यंत तो बिल्ला लावून बसून होता. युद्ध झालंच नव्हतं! तळटीपेत दिलेली मुख्य पुस्तकंच अस्तित्वात नव्हती. एका संपादकानं ती शोधायला घेतली, सापडेनात, तेव्हा लेख गेला.

नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या डिचोलीत लढाई? आणि आम्हांलाच कळली नाही?" आता बघा, १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे. कुठलं मराठा साम्राज्य? डिचोली तेव्हा आदिलशाहीत. पोर्तुगीजांच्या हातात ती गेली अठराव्या शतकाच्या शेवटी. महाराजांचं नाव त्या भागाशी जोडायचं तर नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, १६६८ साली त्यांनी जीर्णोद्धार केलेलं, तिथं शिलालेख आहे, कुणीही जाऊन बघावं. पोवाडा कानावरनं गेलेलं आमच्याकडचं कुठलंही पोर "१६४० चं मराठा साम्राज्य" ऐकून हसलं असतं. खरं त्या पोरापर्यंत ते इंग्रजी पान पोचलं नाही, आणि ज्यांच्यापर्यंत पोचलं त्यांनी तळटिपा मोजल्या, उघडल्या नाहीत.

शिवीचं बरं असतं. ती आपण शिवी आहोत हे सांगत येते. इंग्रजीत तर असली घाण पुसायला खास सांगकाम्या आहे, काही सेकंदांत पुसतो. मराठीत माणसं कमी, तरी अलीकडील बदलांवर नजर ठेवणारं कुणी ना कुणी जागं असतं. अकरा मिनिटं म्हणजे तहसील कचेरीतल्या कुठल्याही कामापेक्षा लवकर. अडचण आहे ती आंघोळ करून, टिळा लावून येणाऱ्या चुकीची. साल आहे, राजवंश आहे, वाक्य सरळ आहे. तिला कोण अडवणार?

तर विहीर. भाचा पुढं गोव्याला नोकरीला गेला, करोना आला, गेला. आणि गावात लक्ष्मीची यात्रा ठरली. आमच्या भागात गावदेवीची मोठी यात्रा दरवर्षी नसते, कुठं बारा वर्षांनी, कुठं वीस-पंचवीस वर्षांनी भरते. त्यामुळं ती भरली की घरं रंगतात, लेकीबाळी माहेरी येतात, पाव्हण्यांना ताटं वाढून वाढून हात दुखतात, आणि स्मरणिका निघते. स्मरणिकेचा मजकूर टाइप करायला कुणाकडं येणार? माझ्याकडं. 'आमच्या गावचा इतिहास' हे प्रकरण एका निवृत्त गुरुजींनी वहीच्या कागदावर सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात: देवळासमोरील कदंबकालीन विहीर, इ. स. ११५२. गुरुजींनी नातवाच्या फोनवर वाचून घेतलेलं. मी टाइप केलं. रात्रीचे साडेदहा झाले होते, सकाळी बेळगावला छापायला जायचं होतं, माझी बोटं नुसती चालत होती. ती ओळ माझ्या बोटाखालनं गेली आणि मी 'मध्ये'ची वेलांटी तेवढी तपासली.

यात्रा झाली. विहिरीजवळ पिवळा बोर्ड लागला, लाल अक्षरात: 'कदंबकालीन ऐतिहासिक विहीर (इ. स. ११५२)'. कचरा टाकू नये. आणि काही महिन्यांनी गावच्याच, पुण्यात नोकरीला असलेल्या कुणी उत्साही मुलानं विकिपीडियावरच्या त्या ओळीला तळटीप जोडली. संदर्भ: आमची स्मरणिका, पान क्रमांकासकट.

भाच्याची थाप गुरुजींकडं, गुरुजींकडनं माझ्याकडं, माझ्याकडनं छापखान्यात, छापखान्यातनं परत त्याच पानावर, आता पुरावा घेऊन. असंही जगात झालंय. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्यानं कोआटी नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पानावर गमतीनं घातलं की ह्याला 'ब्राझीलियन आर्डवार्क' पण म्हणतात. ते पेपरांनी उचललं, पुस्तकात गेलं, आणि मग तेच पेपर त्या ओळीला आधार म्हणून लागले. आर्डवार्क आफ्रिकेत असतो, कोआटीशी त्याचं नातं नाही. सहा वर्षांनी, २०१४ मध्ये हे बाहेर आलं, तोवर काही लोक खरंच त्या नावानं हाक मारायला लागले होते.

मला हे कळलं कसं? आईमुळं. यात्रेनंतर ती माझ्याकडं राहायला आली होती. स्मरणिका डोळ्यांजवळ धरून वाचत बसली होती. मध्येच म्हणाली, "कुठली विहीर गं ही?" म्हटलं देवळासमोरची. "कदंब कोण?" म्हटलं राजे, जुने. आई म्हणाली, "त्या विहिरीचं दगड तुझ्या बाबानं आणि काकानं वाहिल्यात. तुझ्या थोरल्या आत्तीच्या लग्नाच्या वर्षी पाणी लागलं. मी नवी नवरी, डोईवर घागर घेऊन पयल्यांदा तिथं गेले तवा काठावर ओला चुना हुता, माझ्या हिरव्या लुगड्याला लागला. कदंब कशाला येतोय?"

त्या रात्री मी खातं काढलं आणि ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी परत आली होती. कुणीतरी विचारलं होतं: संदर्भासहित मजकूर का काढला? मी चर्चापानावर लिहिलं, माझ्या वडिलांनी ती विहीर बांधलीय, आई साक्षीला आहे. उत्तर आलं, सौम्य होतं: आपल्या भावना समजतात, पण इथं प्रकाशित आणि पडताळता येणारा स्रोत लागतो, वैयक्तिक आठवण चालत नाही.

मी दोन दिवस धुसफुसत होते. आईच्या लुगड्याला लागलेला चुना चालत नाही आणि मामाच्या गाडीचा नंबर चालतो? मग हळूहळू पटलं, नियमात खोट नाही. उद्या दहा गावची दहा माणसं आपापल्या आईला साक्षीला घेऊन आली, आणि दहाही देवळं पांडवांनी एका रात्रीत बांधली म्हणाली, तर? त्या संपादकापुढं एका बाजूला छापलेला कागद होता आणि दुसऱ्या बाजूला खानापूरची कोणीतरी बाई. त्यानं कागद धरला. कागद मीच टाइप केला होता, हे त्याला कुठं माहीत?

म्हणून ते पण लिहिलं. सगळं. भाचा, पैज, दुकानाचा अंकपत्ता, पहिल्या बदलाची तारीख, स्मरणिकेची नंतरची तारीख. ह्या तारखा मला 'इतिहास पहा' नावाच्या टॅबमध्ये मिळाल्या, आणि ह्या सगळ्या सेवेतली हीच वस्तू मला लाखमोलाची वाटते. पानावरचा प्रत्येक शब्द कधी आला, कुठल्या नावावर आला, मध्ये कुणी काय पुसलं, सगळं तिथं पडून असतं. ओळ स्मरणिकेच्या आधी किती वर्षं होती ते स्पष्ट दिसत होतं. असा हिशेब कुठलं छापील पुस्तक देतं? केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ ला आला. त्यातला माणूस न् माणूस त्या विषयाचा जाणकार. विश्वकोश आता नेटवर पण आहे आणि मोठ्या विषयांना मी पहिला तोच उघडते. खरं त्यात आमच्या गावची विहीर नाही, असायचं कारणही नाही.

भावाला बोलावून विहिरीवर गेलो. आई म्हणाली होती, आतल्या बाजूला, रहाटाच्या खांबाखाली दगड आहे, नाव कोरलेला. तिथं ग्रामपंचायतीनं कधीतरी सिमेंट थापलेलं. भावानं कोयत्याच्या पाठीनं टवका उडवला. देणगी देणाऱ्याचं नाव निघालं, अर्धं. खाली 'सन १९६'. पुढचा आकडा सिमेंटबरोबर गेला. फोटो काढला, चर्चापानावर टाकला. आठवड्यानं त्याच संपादकानं ओळ काढली आणि कारणात लिहिलं: स्मरणिका हा स्वतंत्र स्रोत नाही. १९६० नंतरची विहीर असं मात्र लिहू दिलं नाही, कारण आकडा पुरा नाही. आता त्या पानावर विहीरच नाही. मला वाटतं बरोबर आहे.

एक गाऱ्हाणं जाता जाता. मराठी पानांवर यंत्रानं केलेली भाषांतरं दिसतात. 'किल्ला दोन देवळांना घर देतो' असली. घर देणारा किल्ला! लिहिणारे थोडे असले की असं होणारच. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियात तर २०२० मध्ये कळलं की हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन पोरानं लिहिलेत. त्यानं वाईट हेतूनं केलं नव्हतं, बाराव्या वर्षापासून मनापासून राबत होता. अडवायला त्या भाषेतलं कुणी हजर नव्हतं, इतकंच. आपण दहा कोटींच्या भाषेतले लोक किती हजर आहोत?

सीमाभागातल्या वाचकांना एक युक्ती सांगते, ती बाहेरच्यांना जमायची नाही. आपल्याला तीन लिप्या येतात, तिन्ही वापरा. गावच्या नावापासून सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगापर्यंत कुठलाही तापलेला विषय घ्या आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही पानं शेजारी लावा. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, बेळगावात एका रस्त्यानं लाल-पिवळे झेंडे जातात आणि दुसऱ्या रस्त्यानं काळ्या फिती लावलेल्या सायकली. दोन्हीकडचे लोक घरी जाऊन नेटवर पण बसतात हे धरून चाला. आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला २००४ ला, असल्या तारखा तिन्ही पानांवर जुळल्या तर घ्या. सूर जुळेल ही अपेक्षा ठेवू नका. बेळगावचं नाव बदलल्याची तारीख पण घ्या, १ नोव्हेंबर २०१४. कुठलं नाव तोंडात घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, दुकानात मी गिऱ्हाईक म्हणेल ते टाइप करते.

तारे द्यायचे तर नदी, धबधबा, ग्रह, प्राणी, परदेशी शहरं ह्यांना पाचपैकी साडेचार. इंग्रजीला. 'नेचर' साप्ताहिकानं २००५ मध्ये विज्ञानाचे ४२ लेख ब्रिटानिकाशी ताडून बघितले होते, तेव्हा विकिपीडियात सरासरी चारेक चुका आणि ब्रिटानिकात तीनेक निघाल्या; ब्रिटानिकाला ते मान्य झालं नाही, खरं मला पटतं. मराठीला साडेतीन, त्यातला अर्धा 'धूळपाटी' ह्या शब्दाला. गावच्या पानांना दोन. आणि आपल्या गावच्या पानाला किती द्यायचे ते आपण ते शेवटचं कधी उघडलं होतं त्यावर.

विहिरीवरचा पिवळा बोर्ड अजून आहे. कमिटीत विषय निघाला होता. भाऊ म्हणाला, पुढच्या यात्रेला रंग काढू तेव्हा बघू. पुढची यात्रा किती वर्षांनी ते देवीलाच ठाऊक. दरम्यान रविवारी बेळगावहनं पोरं-पोरी गाडीवर येतात, बोर्डाला टेकून फोटो काढतात.

गेल्या महिन्यात गावचाच एक सातवीतला मुलगा चिठ्ठी घेऊन आला. 'आमच्या गावातील ऐतिहासिक वास्तू: कदंबकालीन विहीर. माहिती दोन पाने, एक चित्र.' म्हटलं, माहिती नाही, चित्र आहे. दगडाचा फोटो काढून दिला, सन १९६ आणि पुढं सिमेंट. तो बराच वेळ बघत राहिला. "काकू, ह्यातला एक आकडा कुठं गेला?" म्हटलं, आज्जीला विचार, थोरल्या आत्तीचं लग्न कधी झालं होतं ते. रंगीत प्रिंटचे दहा रुपये घेतले.